ट्रकचं कूलंट हळूहळू कमी होतंय, थेंब कुठेच दिसत नाही. हेड उतरवायचं का?

तळेगाव_वाहतूक
नमस्कार मंडळी. आमची तळेगावला छोटी वाहतूक आहे. त्यातल्या एका घोड्याचं, म्हणजे कंटेनर ओढणाऱ्या ट्रकचं, दुखणं मांडतो. २०२१ची बीएस-६ गाडी, सहा सिलिंडर, ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात फिरवणारी सोय), डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर), एससीआर (युरियानं धूर साफ करणारी सोय) सगळं असलेली. दोनेक महिन्यांपासून कूलंट कमी होतंय. न्हावा-शेव्याहून भरलेला कंटेनर घेऊन बोरघाट चढून चाकणला आली की टाकीतली पातळी खाली गेलेली असते, दर खेपेला साधारण अर्धा लिटर. रिकामा कंटेनर घेऊन खाली गेली तर पातळी जवळजवळ तशीच राहते.

गाडीखाली थेंब नाही. ऑइल साफ, पांढरट झालेलं नाही. तापमानाचा काटा जागेवर. धूर दिसत नाही. आमचे मिस्त्री म्हणतात हेड पॅकिंग (सिलिंडर हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट) गेलंय, हेड उतरवू. त्या खर्चाचा आकडा ऐकून झोप उडालीय आणि गाडी आठवडाभर उभी राहील ते वेगळंच. उतरवण्याआधी काय काय तपासून घ्यावं? ज्यांनी हे हातानं केलंय त्यांनी कृपया सांगा.

हायवे_४८
आधी पातळी मोजायची पद्धत पक्की करा. इंजिन पूर्ण थंड, सकाळची वेळ, रोज एकच सपाट जागा, आणि टाकीवर खडूनं खूण. उतारावर उभी करून पाहिलं की दोन बोटांचा फरक सहज पडतो. दुसरं, ड्रायव्हर मॅक्सच्या वर भरतो का ते विचारा. काठोकाठ भरलं तर गरम झाल्यावर कूलंट फुगतं, जास्तीचं झाकणातून बाहेर पडतं आणि सकाळी "कमी झालं" असं वाटतं. मग परत काठोकाठ भरतात. हे चक्र कित्येक गाड्यांवर वर्षानुवर्षं चालू असतं.

शेरा_१२१२
हेड पॅकिंगच. दुसरं काही नाही. उघडा आणि मोकळे व्हा.

मिस्त्री_शिरोली
शेराभाऊ, एवढ्या लवकर हेडावर जाऊ नका की. हेड उतरवायचं म्हणजे हेड बोल्ट नवे, पॅकिंग नवं, फेसिंगला लेथवर न्यायचं, आणि उतरवून बघितल्यावर पॅकिंग चांगलं निघालं तर मालकानं कुणाकडं बघायचं? माझं अर्धं आयुष्य इंजिनात गेलंय. पाणी कमी होणाऱ्या गाड्यांत हेडाचा नंबर फार मागं लागतोय.

मालक, पहिल्यांदा स्वस्तातलं बघा. टाकीचं झाकण. कुकरच्या शिट्टीगत काम असतंय त्याचं, ठरलेल्या दाबाला उघडायचं, तोवर धरून ठेवायचं. रबर कडक झालं, स्प्रिंग मऊ पडली की ते आधीच सोडायला लागतंय, आणि घाटात वाफ निघून जाती. खाली थेंब पडत नाही, कारण वाफ वरच्या वर जाती. झाकणावर दाब लिहिलेला असतोय, त्याच दाबाचं नवं घाला. त्याच्याहून जास्त दाबाचं बसत असलं तरी घालायचं नाही, रेडिएटरच्या टाक्या फुटत्यात.

मग वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप. तिच्या खालच्या अंगाला एक बारकं भोक असतंय. आतलं सील गळलं की तिथनं पाणी येतंय, पण फॅनच्या वाऱ्यानं आणि गरमीनं वाळून जातंय. बॅटरी घेऊन खाली वाका, भोकापाशी हिरवी-गुलाबी खपली दिसती का बघा. तशीच खपली होजच्या क्लिपांखाली, थर्मोस्टॅटच्या घराला आणि ब्लॉकची भोकं बंद करणाऱ्या डमी प्लगांभोवती शोधा. पाणी उडून जातंय, रंग मागं राहतोय.

घाटवाट
+१ मिस्त्री. आणखी एक जागा सगळे विसरतात, केबिनच्या हीटरचा कोअर. आपल्याकडे हीटर कुणी लावत नाही, पण त्यातून कूलंट फिरतंच. क्लीनरच्या बाजूची मॅटिंग उचला, खाली ओल आहे का, चिकट लागतं का बघा. काचेवर आतून तेलकट धुकं येत असेल किंवा केबिनमध्ये गोडसर वास असेल तर तेच. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालट्रकांना केबिन एसी सक्तीचा झालाय, तेव्हा डॅशबोर्डमागची गर्दी वाढणार आणि असल्या गळत्या शोधणं अजून अवघड होणार.

नागपूरकर_भाऊ
अबे भाऊ, आमच्याकडं ड्रायव्हर लोक रेडिएटरमंधी हळद टाकतेत. दोन मुठी. गळती बंद होऊन जाते. रस्त्यात अडकलं तर लय कामाची गोष्ट हाय.

मिस्त्री_शिरोली
भाऊ, जुन्या गाडीला, माळरानावर रेडिएटर ठिबकायला लागला आणि वीस किलोमीटरवर गाव असलं तर मी तुम्हाला अडवणार नाही. पण बीएस-६ ला हळद, अंड्यातलं पांढरं, लीक-स्टॉपची पावडर, काही म्हणजे काही घालू नका. ऑइल कूलर, ईजीआर कूलर, हीटर कोअर, सगळ्यांत बारीक वाटा असत्यात. हळद गळतीवर बसती तशी तिथंबी बसती. मग ऑइल तापतंय आणि दुखणं दुसरीकडंच सुरू होतंय.

नागपूरकर_भाऊ
हे पटलं. आमच्या गाड्या जुन्या हायेत म्हणून चालून राहिलं.

माणदेशी
विषय निघालाच आहे तर विचारतो. नुसतं पाणी घातलं तर काय बिघडतं? आमच्या वडिलांनी आयुष्यभर विहिरीचं पाणी घालून गाडी चालवली. एवढं महागाचं कूलंट कशाला?

लायनर
माणदेशी, मी इंजिन रिबिल्डचं काम करतो, सांगतो काय बिघडतं ते.

एक म्हणजे उकळबिंदू. नुसतं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं, एक बार दाबाच्या झाकणाखाली साधारण १२०ला. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी घेतलं तर उघड्यावर १०७ आणि एक बारखाली सव्वाशेच्या पुढे. घाटात हेडच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळच्या पाण्याला त्या वरच्या अंशांची गरज लागते.

दुसरं, क्षार. सोलापूर, माण, मराठवाडा, कुठल्याही बोअरचं पाणी घ्या, ते तापलं की क्षार लायनरच्या (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीच्या) बाहेरून आणि हेडच्या आतून बसतात. त्या थरातून उष्णता जात नाही. काटा नॉर्मल दाखवतो आणि धातू मात्र तापत राहतो.

तिसरं, आणि माझ्या टेबलावर येणाऱ्या लायनरांवर सगळ्यात जास्त दिसणारं, पिटिंग. जड डिझेल इंजिनात लायनर ओला असतो, म्हणजे बाहेरून थेट कूलंट लागतं. दर स्फोटाला पिस्टन एका अंगाला ढकलला जातो आणि लायनर थरथरतो. भिंत आत सरकली की बाहेरच्या कूलंटमध्ये क्षणभर पोकळी होऊन वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि लगेच फुटतात. प्रत्येक फुटणं धातूचा कण उडवतं. काही लाख किलोमीटरांनंतर लायनरच्या बाहेर, पिस्टनच्या दाबाच्या बाजूला, एका उभ्या पट्ट्यात सुईनं टोचल्यासारखी भोकं दिसतात. त्यातलं एक आरपार गेलं की पाणी सिलिंडरमध्ये. कूलंटमधली रसायनं लायनरवर पातळ संरक्षक थर धरून ठेवतात आणि तो थर मोडला तर पुन्हा जमवतात. नुसत्या पाण्यात हे होत नाही. जुन्या इंजिनांचे दाब कमी होते म्हणून वडिलांचं निभावलं.

रंगावर जाऊ नका. रंग ही कंपनीची निवड असते, हिरवं-लाल-निळं म्हणजे कुठला दर्जा असं काही ठरलेलं नाही. गाडीच्या पुस्तकात कुठलं मानक दिलंय ते डब्यावर शोधा. आपल्याकडच्या कूलंटवर आयएस ५७५९ दिसतं. आणि कॉन्सन्ट्रेट असेल तर ते बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घालून पातळ करा.

माणदेशी
उभ्या पट्ट्यातली भोकं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. मेकॅनिक म्हणाला होता की गंज आहे. आज कळलं.

एसी_मॅन
एसीच्या नळीतून गळणारं पाणी चालेल का? तेही डिस्टिल्डच की.

लायनर
नका वापरू. क्षार नसतात हे खरं, पण कॉइलवरची धूळ, बुरशी आणि तांब्या-ॲल्युमिनियमचे अंश घेऊन येतं ते. डिस्टिल्डचा कॅन काही महाग नाही.

तळेगाव_वाहतूक
सगळ्यांचे आभार. सांगितलं तसं केलं. झाकण त्याच दाबाचं नवं घातलं. वॉटर बॉडीचं भोक कोरडं, खपली नाही. होज, क्लिपा, डमी प्लग, हीटर, सगळं बॅटरीनं पाहिलं. एका क्लिपखाली थोडी जुनी पावडर होती, ती बदलली. पातळी रोज सकाळी एकाच जागी मोजतोय. भरलेली घाट चढून आली की अजूनही कमी होतेच.

ओळखीच्या गॅरेजमधून हातपंपाचा टेस्टर आणून थंड इंजिनावर झाकणाएवढा दाब दिला. अर्धा तास काटा हलला नाही. म्हणजे गळती नाही असं समजायचं का?

शेरा_१२१२
बाहेर गळत नाही, दाब धरतंय, मग आतच जातंय ना! हेड!

लायनर
शेरा, आत जायच्या वाटा हेड सोडून बऱ्याच आहेत. लायनरच्या खालच्या ओ-रिंगमधून ऑइलच्या चेंबरमध्ये. ऑइल कूलरमधून. ईजीआर कूलरमधून एक्झॉस्टमध्ये. आणि हवेच्या कॉम्प्रेसरमधून, कारण ट्रकच्या ब्रेकच्या कॉम्प्रेसरचं हेड बहुतेक वेळा इंजिनच्याच पाण्यानं थंड होतं.

कॉम्प्रेसरची परीक्षा सोपी आणि फुकट आहे, आधी ती करा. हवेच्या टाक्यांचे ड्रेन उघडून सगळी हवा सोडा. सोडताना हाताखाली कापड धरा, कूलंटचा रंग-वास येतो का बघा. नेहमीचं पाणी आणि थोडं ऑइल येणारच. मग कूलंट टाकीच्या ओव्हरफ्लो नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून गाडी सुरू करा. हवा भरत असताना बाटलीत सतत बुडबुडे येत असतील, आणि दाब साधारण आठ बारला पोचून गव्हर्नरनं (हवेचा दाब ठरवणाऱ्या व्हॉल्व्हनं) फुस्स केल्यावर ते थांबत असतील, तर दोष कॉम्प्रेसरच्या हेडमध्ये. फुस्स झाल्यावर कॉम्प्रेसर मोकळा फिरतो, दाबत नाही, म्हणून बुडबुडे थांबतात. तरीही येत राहिले तर तो वायू सिलिंडरचा किंवा एक्झॉस्टचा.

ऑइललॅब
मी वंगण तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. ऑइल पांढरं नाही म्हणजे त्यात कूलंट नाही, असं धरू नका. कूलंट थोडं थोडं जात असेल तर गरम ऑइलमधून पाणी उडून जातं. मागे राहतात ती कूलंटमधली रसायनं, मुख्यतः सोडियम आणि पोटॅशियम. डोळ्यांना ती दिसत नाहीत, चाचणीत दिसतात. नमुना ऑइल बदलायच्या वेळी गरम इंजिनातून, धार थोडी वाहून गेल्यावर मधल्या धारेतून, स्वच्छ कोरड्या बाटलीत घ्यावा. सोबत न वापरलेल्या त्याच ऑइलचा नमुना द्या, कारण काही ऑइलच्या मूळ मिश्रणातच थोडं सोडियम असतं. तुलना त्याच्याशी करावी लागते.

गॅरेजमध्ये करण्यासारखी कच्ची परीक्षाही आहे. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी सुरू न करता चेंबरचा बोल्ट हळूच सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतं आणि आधी येतं. हे बरंच पाणी गेलं असेल तरच कळतं.

तळेगाव_वाहतूक
ताई, नमुना कुठे द्यायचा ते निरोपातून विचारतो. कॉम्प्रेसरची परीक्षा आज संध्याकाळी.

उत्तरध्रुव
मी अल्बर्टात ट्रक चालवतो, मूळचा निफाडचा. इथे तापमान उणे ४०च्या खाली जातं तेव्हा कूलंटकडे आपोआप लक्ष जातं. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७पर्यंत गोठत नाही. आपल्याकडचे जे ड्रायव्हर माल घेऊन हिवाळ्यात लेहकडे जातात त्यांना हात जोडून सांगणं आहे, पाणी घालत घालत पातळ झालेलं कूलंट घेऊन वर चढू नका. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. नशीब असेल तर डमी प्लग बाहेर पडतात, नसेल तर ब्लॉक तडकतो. निघण्यापूर्वी रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकून गोठणबिंदू पाहा, मिनिटाचं काम आहे.

आता मूळ प्रश्न. थंडपणी दाब धरला म्हणजे गळती नाही, हे मान्य नाही. काही भेगा धातू तापून ताणला गेला की मगच उघडतात. तुमची गळती घाटातच होते, हाच मोठा धागा आहे. गाडी घाट चढून आल्या आल्या तपासायला हवी. पण गरम टाकीचं झाकण कृपा करून उघडू नका. दाबाखालचं उकळतं कूलंट तोंडावर येतं, मी लोक भाजलेले पाहिलेत. हात लावता येईल इतकी निवू द्या, मग टेस्टर लावा.

तळेगाव_वाहतूक
सगळं एकत्र लिहितो.

ऑइल अहवाल आला. सोडियम-पोटॅशियम नव्या ऑइलइतकंच, ग्लायकॉल नाही. कॉम्प्रेसरच्या परीक्षेत उभ्या गाडीवर हवा भरताना किंवा भरल्यानंतर एकही बुडबुडा नाही. टाक्यांतून नेहमीचंच पाणी.

मग घाट चढून आल्यावर गॅरेजवाल्यांनी त्या निळ्या द्रवाची परीक्षा केली, टाकीतला वायू त्यातून ओढायची. द्रव पिवळा पडला. आमचे मिस्त्री म्हणाले, बघा, मी सांगत होतो. आता हेडाशिवाय काय उरलं?

आणि एक गोष्ट ड्रायव्हरनं काल सांगितली. डीपीएफ रिजनचा, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळायचा, दिवा आताशा लवकर लवकर लागतो. आधी त्याचा याच्याशी संबंध असेल असं वाटलं नाही, म्हणून लिहिलं नव्हतं.

शेरा_१२१२
निळ्याचं पिवळं झालं म्हणजे कार्बन डायऑक्साइड. हेड पॅकिंग. यात आता वाद नको.

लायनर
वाद आहे. ती परीक्षा एवढंच सांगते की जळलेला वायू कूलंटमध्ये शिरलाय. कुठून शिरला ते सांगत नाही. आणि मुळात डिझेलमध्ये ती उभ्या गाडीवर करून उपयोग नसतो. मोकळ्या फिरणाऱ्या डिझेलच्या एक्झॉस्टमध्ये जादा हवाच इतकी असते की कार्बन डायऑक्साइड पेट्रोलच्या मानानं फार कमी भरतो. तुमच्याकडे घाटानंतर केली हे बरं झालं.

मिस्त्री_शिरोली
मालक, थांबा. हेडाला हात लावू नका. रिजनचा दिवा लवकर लागतोय म्हणालासा, आणि मला सगळं चित्र दिसायला लागलं.

ईजीआर कूलरच्या आत पातळ नळ्या असत्यात. आतनं एक्झॉस्टचा जाळ, बाहेरनं तुमचं कूलंट. घाटात टर्बो जोरात असतोय तेव्हा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा दाब कूलंटच्या दाबाच्या वर जातोय. नळीला बारीक भेग असली तर एक्झॉस्ट कूलंटमध्ये घुसतोय. म्हणून तुमचा निळा द्रव पिवळा झाला. तोच वायू टाकीत दाब वाढवतोय, झाकण उघडतंय, थोडं कूलंट तिथनं वाफ होऊन जातंय. पुढं वर आल्यावर गाडी बंद केली की उलटं होतंय. एक्झॉस्टकडं दाब शून्य, कूलंट अजून गरम आणि दाबाखाली. मग त्याच भेगेतनं कूलंट ईजीआरच्या नळीत ठिबकतंय. सुरू केली की इंजिन ते ओढून जाळतंय, वाफ सायलेन्सरनं बाहेर. उन्हाळ्यात गरम एक्झॉस्टमधली वाफ डोळ्याला दिसत नाही. कूलंटातली रसायनं तेवढी डीपीएफच्या तोंडावर बसत्यात, म्हणून फिल्टर लवकर भरतोय. ऑइल साफ, कारण त्या वाटेवर चेंबर लागतच नाही.

निळा द्रव हेड पॅकिंगलाबी पिवळा होतोय आणि ईजीआर कूलरलाबी. ईजीआरच्या इंजिनात एवढ्यावर हेड उतरवायचं नाही. कूलर बाहेरनं बोल्टावर बसलेला असतोय, तो आधी सोडवायचा. हेडाच्या मानानं काहीच काम नाही.

उतरवायच्या आधी एकदा बघा. घाट चढून आली की बंद करा, निवली की कूलरकडनं इनटेककडं जाणारी नळी सोडा, आत बोट फिरवा. नेहमी कोरडी काजळी असती. ओली, चिकट काजळी किंवा धुतलेला चकचकीत पट्टा दिसला तर कूलरच.

आणि तोवर गाडी रात्रभर उभी राहिली तर सकाळी सेल्फ मारताना सांभाळा. सिलिंडरमध्ये पाणी साचलं असलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतोय. सेल्फ अडकल्यागत वाटला तर परत मारायचा नाही.

कळंबोली_यार्ड
याला एवढं काय करायचं? ईजीआरला पत्रा मारून टाका, कूलर बायपास. आमच्या यार्डातले अर्धे लोक तेच करतात.

लायनर
अजिबात नको. बीएस-६ मध्ये ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ईजीआरचा प्रवाह मोजत असतो. पत्रा मारला की दोष नोंदला जातो आणि गाडी ताकद कमी करते, मग बोरघाटात भरलेला कंटेनर घेऊन डाव्या लेनमध्ये रांगत बसा. ते लपवायला कुणीतरी सॉफ्टवेअर बदलून देतो, मग एससीआरवर भार पडतो, युरिया जास्त लागतो. कायद्यात बसत नाहीच. आणि ज्या धुरासाठी हे सगळं लावलंय तो आपल्याच पोरांच्या छातीत जातो. तळेगाव, चाकणची हवा आधीच काय आहे ते तिथल्यांना विचारा.

कळंबोली_यार्ड
छातीचं बोललात ते मान्य. पण कूलरची किंमतही सांगा ना. छोट्या मालकानं करायचं काय?

हायवे_४८
गाडी वॉरंटीत आहे का ते आधी बघा. उत्सर्जनाच्या भागांची वॉरंटी काही वेळा बाकीच्या इंजिनपेक्षा वेगळी असते, पुस्तकात शोधा. मिळाली नाही तरी कूलर आणि पूर्ण हेडकाम यांचा हिशोब शेजारी मांडा. उरलेली शंका तिथेच मिटेल.

ऑइललॅब
कामाच्या आधी एक विनंती. कूलंट काढाल तेव्हा झाकणाच्या डब्यात काढा, परातीत उघडं ठेवू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, गॅरेजमधली कुत्री-मांजरं ते पितात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. लहान मुलांच्या बाबतीतही हाच धोका. मातीत किंवा गटारात ओतू नका.

घाटवाट
हे प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहायला हवं.

तळेगाव_वाहतूक
मंडळी, निकाल सांगतो.

नळी सोडली तर आत ओली काजळी, आणि खालच्या वळणात कूलंटचं छोटं डबकं साचलेलं. वासावरून आणि रंगावरून ओळखू आलं. निवलेल्या इंजिनावर टेस्टर लावला तर या वेळी काटा सावकाश खाली आला, आणि पूर्ण थंड झाल्यावर परत थांबला. उत्तरध्रुव म्हणाले तसंच. मग कूलर उतरवला. कूलंटची दोन्ही तोंडं बंद करून त्यातून हवेचा दाब दिला आणि कूलर गरम पाण्याच्या पिंपात बुडवला. एक्झॉस्टच्या तोंडातून बुडबुड्यांची बारीक माळ वर यायला लागली. गार पाण्यात एकही नव्हता. आमचे मिस्त्री स्वतः वाकून बघत होते. त्यांनी लगेच हेडाची पानं पेटीत ठेवली.

नवा कूलर, नवी पॅकिंगं, सगळं कूलंट नवं. वॉरंटीचं पत्र टाकलंय, उत्तर यायचंय. पुन्हा भरलेला कंटेनर घेऊन घाट चढवला. पण पातळी थोडी खाली दिसतेय, म्हणून काळजी वाटतेय.

मिस्त्री_शिरोली
काळजी करू नका. सगळं कूलंट काढून परत भरलं की आत हवेचे फुगे राहत्यात, हेडात, हीटरच्या नळ्यांत. गाडी चालंल तसे ते टाकीत येत्यात आणि पातळी खाली बसती. ब्लीड स्क्रू असला तर तो उघडून भरायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, म्हणजे त्या वाटा उघड्या राहत्यात. एक-दोनदा थंडपणी वर भरा. त्याच्यापुढं खूण हलली नाही पायजे. हलली तर इथंच लिहा.

तळेगाव_वाहतूक
दोनदा भरलं. आता खूण हललेली नाही, घाट चढून आल्यावरही नाही. मिस्त्री, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. कोल्हापूरला आलो की भेटायला येतो.

डीपीएफचं काय करू? रिजन अजून नेहमीपेक्षा लवकर होतंय.

लायनर
फिल्टर उतरवून पुढच्या तोंडावर पांढरट थर आहे का बघा. रिजनमध्ये काजळी जळते, कूलंटच्या रसायनांची राख जळत नाही, ती तशीच राहते. थर पातळ असेल तर यंत्रावर उलट्या दिशेनं साफ करून मिळतो, तशी सोय असलेल्या ठिकाणीच न्या. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं किंवा ॲसिडनं धुऊ देऊ नका, आतलं लेपन जातं. साफ करण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा तोच फिल्टर सारख्याच तापमानाला वजन करून घ्या. किती राख निघाली ते त्यावरून कळेल. एक्झॉस्टच्या वाटेत त्याच्या आधी येणारं डीओसी (धुरातला उत्प्रेरक) सुद्धा त्याच वेळी उतरवून बघा, कारण ओलं कूलंट आधी तिथे पोचतं.

माणदेशी
माझ्या जुन्या बीएस-३ गाडीचंही पाणी कमी होतंय, तिला ईजीआर कूलर नाही. घाटात नाही, उभ्या गाडीचं रात्रीतून कमी होतं. चेंबरचा बोल्ट सैल केला तर आधी चमचाभर पाणी आलं.

लायनर
मग ते चेंबरमध्येच उतरतंय. गाडी चालवू नका, पाण्यानं बेअरिंगं जातात. चेंबर खाली घ्या, थंडपणी टेस्टरनं दाब देऊन रात्रभर खालून बघत राहा, खाली वर्तमानपत्र पसरून. कुठल्या लायनरच्या बुडाशी थेंब येतो त्यावर खूण करा. लायनरच्या बाहेरून येत असेल तर ओ-रिंग, आतून पिस्टनच्या बाजूनं येत असेल तर पिटिंगचं भोक. ऑइल कूलरची बाजूही सोडू नका. फोटो टाका.